गुणसूत्रं मोजा, गोंधळ मिटेल

प्रश्न : मी दहावीत आहे. सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनात दरवेळी गोंधळ होतो. काय करू?

उत्तर : अवस्थांची नावं घोकण्याआधी गुणसूत्रं मोज. कांदा घे. त्याच्या मुळाच्या टोकाशी १६ गुणसूत्रांच्या एका पेशीपासून १६-१६च्याच दोन पेशी होतात. हे सूत्री विभाजन. वाढीसाठी, झीज भरून काढण्यासाठी. त्याच कांद्याला फूल आलं, की परागकोशात एका पेशीच्या चार होतात आणि प्रत्येकीत फक्त ८ गुणसूत्रं. हे अर्धगुणसूत्री. निम्मी कशासाठी? फलनात ८ आणि ८ मिळून पुन्हा १६ व्हायची असतात म्हणून. नाहीतर संख्या पिढीगणिक दुप्पट झाली असती. हे ‘का’ कळलं की पाठांतराचं ओझं खरंच उतरतं. माणसात हेच आकडे ४६ आणि २३. उत्तरात आकृती काढ, आणि तिला नावं द्यायला विसरू नकोस.