दिसतं तसं नसतं!

मित्रांनो, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं" ही म्हण शाळेत आपण सगळ्यांनीच वाक्यात वापरून दाखवली आहे. मला तिचा अर्थ मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कळला, तोही एका ब्लॉक-पिस्टनच्या किटमुळे.

आमचं गाव नेकनूरच्या बाजूला. बीड शहराला रेल्वे मिळाली ती थेट सप्टेंबर २०२५ मध्ये. आमच्याकडे दूध, पेंड, खत, पेशंट, सगळं आजही मोटारसायकलवरच जातं. काकांची जुनी स्प्लेंडर रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन बीडला जाते. ती निळा धूर सोडायला लागली होती. काका म्हणाले, "चाचांकडे टाकतो." मी म्हणालो, "कशाला? मी मेकॅनिकलला आहे ना!"

बाजारातून आफ्टरमार्केट किट आणलं. डब्यावर गाडीचं नाव छापलेलं, पिस्टन आरशासारखा चकाकणारा. मी अगदीच डोळे झाकून बसवलं असं नाही हं. व्हर्निअर लावला: बोअर ५०.०२ मिमी, पिस्टन ४९.९८ मिमी. फरक ०.०४. छान! संध्याकाळी इंजिन एका किकमध्ये चालू झालं आणि मी घरभर कॉलर ताठ करून फिरलो.

दुसऱ्या दिवशी काका बीडला दूध घालून, मागे पेंडीचं पोतं बांधून परत निघाले. मांजरसुंब्याच्या घाटात, ऐन चढावर इंजिन जाम झालं आणि मागचं चाक धरलं. मागून उसाचा ट्रक येत होता. काकांनी वेळेवर क्लच दाबून गाडी कडेला घेतली म्हणून निभावलं. घरी आल्यावर ते मला काहीच बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गाडी शेवटी चाचांकडेच गेली. चाचांनी ब्लॉक उतरवला. बोअरला उभे ओरखडे, आणि वरच्या रिंगची दोन टोकं एकमेकांवर घासून चकाकत होती.

"काय इंजिनिअर साहेब, मोजलं होतं का?"

"हो चाचा, व्हर्निअरनं."

"त्यानं कपाट मोजावं, बाळा."

मग चाचांनी शाबूत राहिलेली दुसरी रिंग घेतली. बोअरच्या अगदी खाली, जिथं रिंगा पोचत नाहीत अशा कोऱ्या भागात ती पिस्टननं ढकलून सरळ बसवली आणि टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पाती घातली. ०.२० ची गेली नाही. ०.१० ची गेली नाही. ०.०५ ची कशीबशी गेली. "झालं," चाचा म्हणाले, "हे किट डब्यातच जाम होतं."

होस्टेलवर आल्यावर मी वही काढून हिशोब केला. तो तुमच्यासाठी देतो.

पहिली गोष्ट व्हर्निअरची. आपल्या वर्कशॉपमधल्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी. दोन्ही मापांत तेवढी चूक धरली तर माझा ०.०४ चा फरक प्रत्यक्षात शून्य ते ०.०८ यांमध्ये काहीही असू शकतो. म्हणजे मी मोजलंच नव्हतं, फक्त मोजल्याचं समाधान करून घेतलं होतं. पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये लीस्ट काउंटची व्याख्या मी सुंदर अक्षरात लिहिलेली आहे!

दुसरी गोष्ट, रिंगला फट लागतेच कशाला? ५० मिमी बोअरमध्ये रिंगचा परीघ साधारण १५७ मिमी. कास्ट आयर्न दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. रिंग ब्लॉकपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली तर ती सुमारे ०.१७ मिमी लांब होते. फट त्यापेक्षा कमी असेल तर टोकं भिडतात, रिंगला जायला जागा उरत नाही आणि ती बोअर खरवडते. म्हणूनच इंचाला चार थाऊ, म्हणजे आपल्या बोअरला ०.२० मिमी, असा ढोबळ नियम आहे. खरा आकडा मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. बोअर ०.०३ मिमीनं लहान असेल तर फट पाय पटीनं, म्हणजे जवळजवळ ०.०९ मिमीनं कमी होते. जी चूक व्हर्निअरला दिसत नाही, ती रिंग तिप्पट मोठी करून दाखवते. म्हणजे साधा फीलर गेज हा गरिबाचा बोअर गेजच झाला.

पण फट कमी आली म्हणून लगेच रिंग घासत बसू नका. रिंग मोठी आहे की बोअर लहान, ते आधी ठरवा. आमचा पिस्टनही बोअरमध्ये घट्ट होता, म्हणजे दोष बोअरचा. नुसती रिंग घासली असती तर पुढं पिस्टन जाम झाला असता.

आता बसवण्याआधी काय तपासायचं, ते क्रमानं:

१. जुना आणि नवा भाग शेजारी ठेवा. पिस्टनची पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, ब्लॉकची उंची, गॅस्केटची ऑइलची भोकं जुळतात का बघा. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा आहे का तेही बघा: ०.२५, ०.५० वगैरे.

२. नवा ब्लॉक आधी रॉकेल किंवा डिझेलनं, मग साबणाच्या गरम पाण्यानं धुवा. पुसून लगेच ऑइल लावा. होनिंगची बारीक भुकटी आत राहिली तर ती नव्या रिंगा खाते.

३. रिंगची फट बोअरमध्ये वर, मध्ये आणि खाली मोजा. तिन्हीकडे सारखी नसेल तर बोअर निमुळता आहे.

४. पिस्टन मायक्रोमीटरनं मोजा, तोही स्कर्टच्या खालच्या बाजूला, गजन पिनच्या काटकोनात. पिस्टन मुद्दाम किंचित अंडाकृती केलेला असतो. कुठंही मोजलं तर चुकीचं माप मिळतं.

५. गजन पिन ऑइल लावून अंगठ्यानं सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. सर्क्लिप नेहमी नवी.

६. रिंग खाचेत मोकळी फिरते ना? खूण असलेली बाजू वर आहे ना?

७. सगळं बसवल्यावर, किक मारण्याआधी, क्रँक हातानं सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठं अडकलं तर तिथंच थांबा.

सगळ्याला तासभर लागतो. माझा तो तास वाचला आणि काकांचं दूध पाच दिवस दुसऱ्याच्या गाडीवर गेलं. आणखी एक चूक कबूल करतो: नव्या किटवर पहिले पाचशे किलोमीटर ओझं टाकायचं नाही, हे मी काकांना सांगितलंच नव्हतं.

शेवटी ब्लॉक ०.२५ ओव्हरसाइजला बोअर करून नवा पिस्टन घातला. या वेळी चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते आणि मोजत मी होतो. ०.२० ची पाती थोडी घासत गेली, ०.२५ ची गेली नाही. "आता लाव," चाचा म्हणाले. काकांनी पंधरा-वीस दिवस निम्मेच कॅन नेले. गाडी आजही चालू आहे.

तर मित्रांनो, सुट्टीत कुणी घरची गाडी उघडणार असेल, तर फीलर गेज माझ्या खोलीत आहे. खुशाल न्या. फक्त परत आणून द्या, आणि पात्या पुसून द्या!