दोष कोणाचा?

शाळेच्या वाचनालयाला लागून एक लहानशी खोली होती. तिच्यात दोन संगणक होते. एक कार्यालयाच्या कामासाठी आणि दुसरा मुलांसाठी. सातवीच्या मुलांनी गावातील जुन्या विहिरींची माहिती गोळा केली होती. कोणती विहीर किती खोल, तिचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, हे सारे वृद्ध माणसांना विचारून त्यांनी वहीत टिपून ठेवले होते. आता ती माहिती चित्रांसह संगणकावर उतरवण्याचे काम चालू होते.

एके दिवशी एक मुलगा विहिरीची चित्रफीत जोडत असता पडदा एकाएकी काळा झाला. संगणक बंद पडला आणि तासाभराची मेहनत वाया गेली. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा बसला असता पुन्हा तसेच घडले. मग काय! “यानेच भलतेसलते बटण दाबले असेल,” असे म्हणून सर्वांनी त्याच्यावर खापर फोडले. बिचारा मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

शिपाईमामा म्हणाले, “गुरुजी, यंत्र म्हातारे झाले. काढून टाका.” तालुक्याच्या दुकानदाराने दूरध्वनीवरूनच सांगितले, “पॉवर सप्लाय गेला असेल. नवा घालून घ्या.”

शाळेजवळ थोडीच रक्कम शिल्लक होती आणि तिच्यातूनच वाचनालयासाठी पुस्तके घ्यायची होती. गुरुजी शांतपणे म्हणाले, “माणूस असो वा यंत्र, शहानिशा केल्यावाचून कोणालाही दोषी ठरवू नये. आधी आपण नीट पाहू, मग ठरवू.”

पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी लोखंडी पेटी. भिंतीतून येणारी वीज सुमारे 230 व्होल्ट दाबाची असते आणि तिच्या प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होत असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र एकाच दिशेने वाहणारी आणि कमी दाबाची वीज लागते. कोणाला 12 व्होल्ट, कोणाला 5, तर कोणाला 3.3. हा बदल ती पेटी करते. गावाच्या टाकीतील पाणी जसे घरोघरी बेताने सोडले जाते, तशीच ती प्रत्येक भागाला हवी तेवढी वीज देते.

गुरुजींनी पहिली तपासणी सोप्यातल्या सोप्या गोष्टीपासून सुरू केली. संगणकाचा प्लग काढून त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावला. दिवा तासभर न लुकलुकता जळत राहिला. भिंतीतील सॉकेट निर्दोष ठरले. मग कार्यालयातील संगणकाची वायर आणून या संगणकाला जोडली. तरीही तो बंद पडला. वायरही निर्दोष ठरली.

त्यानंतर गुरुजींनी एक वही ठेवली. संगणक केव्हा बंद पडला आणि त्या वेळी कोणते काम चालू होते, हे तिच्यात प्रत्येकाने लिहायचे. आठ दिवसांनी वही उघडली, तेव्हा सर्वांना नवल वाटले. नुसता मजकूर लिहीत असता संगणक एकदाही बंद पडला नव्हता. चित्रफीत चालू असता मात्र तो वारंवार बंद पडला होता. मग समोर कोणीही बसलेले असो!

एका मुलीने विचारले, “गुरुजी, जड काम करताना यंत्र तापत असेल का?”

“शंका योग्य आहे,” गुरुजी म्हणाले. संगणक फार तापला, तर तो स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपोआप बंद होतो. म्हणून प्लग काढून गुरुजींनी संगणकाची बाजूची झडप उघडली आणि मऊ कुंचल्याने आतील धूळ झाडली. आतील पंखा नीट फिरत होता, उष्णताही वाजवी होती. परंतु खोड कायम राहिली.

आता संशय पॉवर सप्लायवर आला. तेवढ्याने निकाल द्यायचा नव्हता. एका सुटीच्या दिवशी गुरुजींनी तंत्रज्ञांना बोलावले. मुले दूर उभी राहून पाहू लागली. तंत्रज्ञांनी मल्टीमीटर काढला. त्या पेटीतून निघणारी पिवळी तार 12 व्होल्टची, तांबडी 5 व्होल्टची आणि नारिंगी 3.3 व्होल्टची होती. ते म्हणाले, “ठरलेल्या दाबात शेकडा 5 इतका कमीअधिक फरक चालतो. म्हणजे 12 व्होल्टच्या तारेवर 11.4 ते 12.6 एवढा दाब असला पाहिजे.”

संगणक स्वस्थ असता काटेकोर 12 हा आकडा दिसला. चित्रफीत सुरू करताच आकडा घसरू लागला आणि 11.1 वर येताच पडदा काळा झाला.

तरीही तंत्रज्ञांनी एक शेवटची परीक्षा घेतली. कार्यालयातील संगणकाचा पॉवर सप्लाय त्याच प्रकारचा आणि तितक्याच वॅटचा होता. तो त्यांनी मुलांच्या संगणकाला जोडला. दोन तास चित्रफीत चालली. संगणक एकदाही थांबला नाही.

“मग हा बिघडलेला तिकडे लावून पाहू या का?” एका मुलाने विचारले.

“नको,” तंत्रज्ञ म्हणाले, “रोगी पेटीमुळे चांगला संगणकही बिघडू शकतो.”

पेटीत वीज साठवून तिचा प्रवाह एकसारखा राखणारे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षे उष्णता सोसून त्यांतील द्रव सुकतो. मग हलके काम निभते, पण जड कामाला वीज पुरत नाही. “ही पेटी उघडून दुरुस्त करू नये,” तंत्रज्ञांनी बजावले. “प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज काही काळ साठून राहते. जळका वास आला, धूर किंवा ठिणगी दिसली, तर तपासणी करत बसू नये. पेटीला हात न लावता भिंतीवरचे बटण बंद करावे आणि मोठ्या माणसांना हाक मारावी.”

नवा पॉवर सप्लाय आला. संपूर्ण संगणक घ्यावा लागला नाही, म्हणून उरलेल्या पैशांत काही पुस्तकेही आली. जुनी पेटी कचराकुंडीत न टाकता गुरुजींनी ती ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडे पाठवली.

त्या दिवशी वर्गात गुरुजींनी ती वही उघडून फक्त वाचून दाखवली. कोणाला काही सांगावे लागले नाही. ज्यांनी त्या मुलाला दोष दिला होता, ते आपण होऊन उठले आणि त्याच्याजवळ गेले. राहिलेल्या विहिरींची माहिती त्यांनी त्याच्यासह पुन्हा लिहून काढली.

शब्दार्थ
खोड – वाईट सवय, दोष
वाजवी – योग्य तेवढी
काटेकोर – अगदी अचूक

स्वाध्याय
1. पॉवर सप्लाय कोणते काम करतो?
2. वहीतील नोंदींवरून कोणती गोष्ट उघड झाली?
3. कारणे द्या : (अ) गुरुजींनी सॉकेटमध्ये दिवा लावून पाहिला. (आ) पॉवर सप्लायची पेटी उघडू नये.
4. 5 व्होल्टच्या तारेवर किमान व कमाल किती दाब चालेल, ते काढा.
5. वाक्यांत उपयोग करा : खापर फोडणे, शहानिशा करणे, मान खाली घालणे.
6. चौकशी न करता कोणाला दोष दिल्याचा एखादा प्रसंग आठवून दहा ओळी लिहा.