कोंबडीचा प्रवास आणि आपले पोट

आषाढ अमावास्या आली की कर्जत, नेरळ, चौक, खोपोली येथे चिकनच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात. पुढच्या आठवड्यात जुलाबाचे रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात. "डॉक्टर, काल तर नुसता वरणभात खाल्ला हो," असे ते सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. कोंबडीच्या आतड्यात राहणारा कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू आपल्या पोटात गेल्यावर बहुधा २ ते ५ दिवसांनी त्रास देतो. तोवर कोंबडीचा विसर पडतो आणि आळ वरणभातावर येतो. पावसाळ्यात पाणीही दूषित होते, तेव्हा प्रत्येक जुलाब कोंबडीमुळेच असे मी म्हणणार नाही. पण शेडपासून ताटापर्यंत कोंबडी कशी येते, हे एकदा नीट पाहायला हवे.

ब्रॉयलर कोंबडी ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास भरते. पुष्कळ ठिकाणी पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी देते आणि शेतकऱ्याला वजनावर वाढवणावळ मिळते. त्यामुळे शेडमध्ये पक्ष्याची निगा चांगली असते. टेम्पोत चढल्यावर मात्र त्याला कोणी वाली राहत नाही. माझ्या मते बिघाडाची सुरुवात तिथेच होते.

पहिली गोष्ट खाद्याची. कापण्यापूर्वी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र पकडेपर्यंत चालू ठेवावे असा शास्त्रीय प्रघात आहे. आतडे भरलेले असेल तर कापताना ते फाटते आणि विष्ठा मांसाला लागते. पण भरल्या पोटाचा पक्षी काट्यावर जड भरतो, म्हणून हा नियम पाळायला कोणाला फारशी घाई नसते. गिऱ्हाईकही त्या खाद्याचे पैसे मांसाच्या भावाने मोजते, हा भाग वेगळा.

दुसरी गोष्ट उन्हाची. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते आणि अंगातील उष्णता बाहेर टाकते. एकावर एक रचलेल्या क्रेटमध्ये मधल्या पक्ष्यांना वाराच लागत नाही. गाडी चालू असते तोवर ठीक. बोरघाटात वाहतूक तुंबली आणि गाडी तासभर उभी राहिली की घाटावरून येणाऱ्या मालात मर सुरू होते. प्राणी वाहतुकीच्या केंद्रीय नियमांत कोंबड्यांना ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा थेट मारा लागू नये असे स्पष्ट म्हटले आहे. पहाटेपूर्वी माल पोहोचवणे, उन्हाळ्यात दर क्रेटमागे दोन पक्षी कमी भरणे आणि गाडी सावलीतच थांबवणे याला फारसा खर्च येत नाही. पक्षी पकडताना दोन्ही पाय धरावेत. एका पायावर लोंबकळवल्याने हाडे मोडतात व मांसात रक्त साकळते.

यात आपला संबंध काय? घाबरलेल्या, तापलेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर अधिक प्रमाणात बाहेर पडतात. वरच्या क्रेटमधील घाण खालच्यांच्या पिसांवर पडते. शेडमधून निरोगी निघालेला पक्षी दुकानात घाणीने माखून पोहोचतो. आणि वाटेत मेलेला पक्षी? तो पुरलाच पाहिजे. कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. त्याचे रक्त नीट वाहून गेलेले नसते आणि तो कशाने मेला हे कोणालाच माहीत नसते.

रिकामे क्रेट न धुता दुसऱ्या शेडवर जातात, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते. २००६ च्या फेब्रुवारीत देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला, तेव्हा तो आपल्यापासून लांब वाटला होता. २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेरला आला. असे रोग गाडीची चाके, क्रेट आणि माणसांच्या चपलांवरूनही पसरतात. क्रेट आधी साबणाच्या पाण्याने घासावेत, मग ब्लीचिंग पावडरचे पाणी मारावे आणि उन्हात वाळवावेत. विष्ठा तशीच ठेवून वरून औषध शिंपडले तर ते वाया जाते. नीट शिजवलेल्या मांसातून बर्ड फ्लू होत नाही, हेही सांगून ठेवतो; अफवेने शेतकऱ्याचे नुकसान होऊ नये.

आता दुकानातून घरापर्यंत. अनुकूल उष्णतेत जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे तासाभरात ८, दोन तासांत ६४ आणि चार तासांत ४,०९६! म्हणून सगळा बाजार आटोपून चिकन शेवटी घ्यावे, तासाभरात शिजवावे किंवा थंड कपाटात खालच्या कप्प्यात झाकून ठेवावे. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे सामान घोड्यावर किंवा हातगाडीवर जाते. अशा ठिकाणी बर्फाच्या पेटीवाचून कच्चे मांस नेऊ नये.

नळाच्या धारेखाली मांस धुण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोडे ओट्यावर व भांड्यांवर उडतात. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुवावे आणि मोरी लगेच साबणाने घासावी. त्याच विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. सुट्टीच्या दिवशी फार्महाऊसवर निखाऱ्यांवर भाजलेली कोंबडी बाहेरून करपते आणि हाडाशी कच्ची राहते. आत गुलाबी दिसली तर पुन्हा भाजायला लावावी.

कोंबड्यांना प्रतिजैविके दिल्यास ठराविक दिवस थांबूनच विक्री करायची असते. कोलिस्टिन हे औषध माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले आहे. खाद्य-प्राण्यांसाठी त्याचा वापर केंद्राने २०१९ मध्ये बंद केला, तो योग्यच झाला.

जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा. शौचातून रक्त पडले, ताप उतरेना किंवा मुलाची लघवी कमी झाली तर डॉक्टरांना दाखवावे. प्रतिजैविकाच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

आणखी एक लक्षण क्वचित दिसते. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गियां-बारे या आजाराचे बरेच रुग्ण आढळले. त्यांतील काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता. संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊ लागल्या, पायऱ्या चढवेनात आणि अशक्तपणा वर हातांकडे सरकू लागला, तर टॉनिक घेत घरी बसू नये. त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. श्वासाचे स्नायू थकले तर लागणारे यंत्र तिथेच असते.