पार्टिशन टाकताना

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीत दादाच्या लग्नाआधी बाबांनी प्लायवूडचं पार्टिशन टाकलं होतं. पुढची चाळीस वर्षं पार्टिशन या शब्दाचा माझ्या लेखी तेवढाच अर्थ होता. सप्टेंबर २०२५मध्ये तो लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा भेटला. विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबरला थांबणार होत्या, विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सोय माझ्या २०१५च्या लॅपटॉपात नव्हती, आणि धडधाकट यंत्र भंगारात द्यायला मन तयार होईना. म्हणून डिस्कची वाटणी करून जुन्या प्रणालीशेजारीच लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकायचं ठरवलं. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. संगणकातलं मला फारसं कळत नाही. त्या महिन्याभरात जे उमगलं ते लिहून ठेवते आहे.

१. खरं काम टाकण्याआधीचं असतं. लिनक्स बसायला पंचवीस मिनिटं लागली, तयारीला नऊ दिवस. बॅकअप म्हणजे एक फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं, अशी माझी समजूत होती. उचलायला गेले तर दहा वर्षांचा पसारा समोर आला. एकाच पुस्तकाच्या ‘अंतिम’, ‘अंतिम२’ आणि ‘खरंच अंतिम’ अशा प्रती. आता हयात नसलेल्या एका लेखकाचं, कधीच छापून न आलेलं प्रकरण. आईच्या औषधांचं वेळापत्रक. ते पुसावंसं वाटलं नाही आणि ठेवून काय करायचं तेही सुचेना. शेवटी ठेवलं. फायली दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरवल्या, आणि दोन्हीकडच्या पाच-पाच उघडून पाहिल्यावरच पुढे गेले. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर आता माझा विश्वास बसत नाही.

२. बिऱ्हाड न हलवताही नव्या घरात राहून बघता येतं. भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, लगेच टाकू नकोस. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघ.” हे शक्य आहे हेच मला माहीत नव्हतं. मिंट पेनड्राइव्हवर उतरवायचं, लॅपटॉप सुरू होताना योग्य ती कळ दाबायची (माझ्या यंत्रात एफ१२, कुठे एफ२ किंवा एस्केप), की हार्ड डिस्कला हात न लावता सगळी प्रणाली समोर उभी राहते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, सगळं तपासून घेता येतं. मी चार संध्याकाळी तसं राहून पाहिलं.

३. माझ्या धंद्याचा उपयोग अनपेक्षित जागी झाला. मिंटची उतरवलेली फाइल पूर्ण आली आहे का, हे पाहण्यासाठी तिच्यासोबत चौसष्ट अक्षरांची एक खूण दिलेली असते. फाइलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी ती खूण जवळजवळ सगळी बदलते. दिलेली आणि माझ्या फाइलची, अशा दोन्ही खुणा मी कागदावर छापून घेतल्या आणि पेन्सिलीने चार-चार अक्षरांचे गट पाडून ताडून पाहिल्या. पहिल्याच गटात फरक. फाइल अर्धवट उतरली होती. ही पडताळणी संगणकही क्षणात करून देतो, हे नंतर कळलं. तरी त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की हे जग मला अगदीच परकं नाही.

४. मोकळी दिसणारी जागा मोकळी असतेच असं नाही. पाचशे जीबीची डिस्क विंडोज ४६५ची दाखवतं. चोरी कुणी केलेली नसते: बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत. पण आतली तीनशे जीबी जागा रिकामी असताना, मिंटसाठी विंडोजचा भाग कमी करायला गेले तर साठच देता येतील असं उत्तर आलं. काही फायली डिस्कच्या मधोमध ठाण मांडून बसतात आणि प्रणाली चालू असताना जागेवरून हलत नाहीत. निद्रावस्थेची फाइल, मेमरी कमी पडली तर लागणारी राखीव फाइल, जुन्या अवस्थेकडे परतण्याचे टप्पे, अशा. आमच्या खोलीतही आजीचं शिसवी कपाट हलेना, म्हणून पार्टिशन तिरकं टाकावं लागलं होतं. इथे त्या सोयी तात्पुरत्या बंद केल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि एकशे वीस जीबी मोकळी झाली. मिंटला वीस जीबी पुरते, शंभर असावी असं मिंट बनवणारे सुचवतात.

५. एका क्लिकची भीती वाटणं हा शहाणपणाचा भाग आहे. मिंट टाकताना तीन पर्याय येतात: विंडोजशेजारी टाका, सगळी डिस्क पुसून टाका, किंवा वाटणी स्वतः करा. पहिल्या दोहोंत बोटभर अंतर. मी पाणी प्यायले, परत येऊन वाचलं, पुन्हा उठले.

त्या घालमेलीत भाच्याने लिनस टोरवाल्ड्सची गोष्ट सांगितली. हेलसिंकी विद्यापीठातल्या या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा त्याच्या संगणकात आधीच अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही प्रणाली होती. म्हणजे लिनक्सचा जन्मच दुसऱ्या प्रणालीच्या शेजारी, एकाच डिस्कवर झाला. पुढे एकदा विद्यापीठाला मोडेमवरून फोन लावताना त्याने चुकून मोडेमच्या जागी हार्ड डिस्कचं नाव दिलं, आणि फोन लावायच्या सूचना थेट मिनिक्सच्या भागावर लिहिल्या गेल्या. तो भाग निकामी झाला. मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी त्याने लिनक्सवरच राहायचं ठरवलं. ऐकून मला धीर आला. हात थरथरणं फक्त माझ्यासारखीच्या वाट्याला येत नाही. पर्याय तिसऱ्यांदा वाचला आणि ‘शेजारी’वर क्लिक केलं.

६. झालं असं वाटल्यावरही एक दार उरतं. सगळं नीट पार पडलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि सरळ विंडोज उघडलं, जणू काही घडलंच नव्हतं. लिनक्स आत होतं, पण दारावरच्या यादीत विंडोजचं नाव वर होतं. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलल्यावर कुठली प्रणाली उघडायची ते विचारणाऱ्या ग्रबचा काळा पडदा दिसला: दोन नावं आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी.

७. मी ज्याला ‘बंद करणं’ म्हणत होते, ते बंद करणं नव्हतं. मिंटमधून विंडोजच्या भागातल्या फायली दिसतात, मात्र विंडोजला मिंटचा भाग आपणहून वाचता येत नाही. पार्टिशनला एकाच बाजूने खिडकी आहे. तिसऱ्या दिवशी या खिडकीतून फाइल वाचता येत होती, पण दुरुस्त करून ठेवता येईना. शोधल्यावर कळलं, की पुढच्या वेळी चटकन उघडावं म्हणून विंडोज बंद होताना आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि एका अर्थी झोपी जातं. झोपलेल्याच्या ताटातलं कुणी हलवू नये, म्हणून लिनक्स लिहायला नकार देतं. ते बरोबरच आहे. ती ‘जलद सुरुवात’ बंद केली आणि अडचण संपली. आश्चर्य याचं वाटलं, की ‘रीस्टार्ट’ने जे पूर्ण बंद होतं, ते ‘शट डाउन’ने होत नव्हतं. दहा वर्षं रोज रात्री मी उलटंच समजत होते.

८. घड्याळाने मला भूगोल शिकवला. संध्याकाळी पावणेसातला विंडोज उघडलं तर दुपारचा सव्वा वाजला होता. बरोबर साडेपाच तास मागे. यंत्रातल्या छोट्या बॅटरीवर चालणारं घड्याळ एकच, पण विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. एकाने लावलं की दुसऱ्याला चुकीचं दिसतं. मिंटला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ पाळायला लावलं.

९. विंडोज ठेवलं ते अक्षरांसाठी. माझं निम्मं आयुष्य युनिकोडपूर्व फॉन्टांत गेलं. त्या फायलींमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फक्त त्यांना मराठी आकारांचे मुखवटे चढवलेले असतात. मिंटमध्ये अशी फाइल उघडली, तर संबंध कादंबरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसला. मला धक्का बसला. ज्याला मी मराठी मजकूर म्हणत होते, तो यंत्राच्या लेखी कधी मराठी नव्हताच.

मग खऱ्या मराठीत टंकण्यासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकायला घेतला. तो विंडोजमध्येही पूर्वीपासून होता, मीच टंकयंत्राच्या सवयीला चिकटून राहिले होते. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कळीवर. बंगाली लिहिणाऱ्याचा क सुद्धा त्याच कळीवर. तीन आठवडे माझा वेग बालवाडीतल्या मुलाचा होता आणि रोज संध्याकाळी मला रडू यायचं. चौथ्या आठवड्यात बोटं आपोआप वळू लागली.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना सारखी खुपत होती: ल आणि श हिंदी वळणाचे दिसत. मराठी ल आडवा पसरतो, त्याची ती दोन गोल पोटं मला पाटीवर गिरवल्यापासून ओळखीची आहेत. नंतर सापडलं, की काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवलं की तीच अक्षरं आपलं रूप बदलतात. मी भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडलं आणि पानावरचे सगळे ल एकदम माझे झाले. एकटीच होते घरात, तरी मोठ्याने “अगं बाई!” म्हणाले.

आता विंडोज इंटरनेटविना उघडते. तिथे जुनी फाइल मूळ फॉन्टात डोळ्यांसमोर येते, तिची छापील प्रत काढते, मग मिंटमध्ये युनिकोडात रूपांतर करून छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडते. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’मधला ऱ्य हमखास बिघडतो, रफार एखादं अक्षर पुढे सरकतो. हयात नसलेल्या त्या लेखकाचं प्रकरण पहिलं केलं. त्यांच्या मुलीला पाठवलं, आता ते तिच्या फोनवरही वाचता येतं. पलीकडून अलीकडे आलेल्या फायली आज एकशे बेचाळीस झाल्या. अजून नऊशेच्या वर आहेत.