भास्कराची शिधोरी आणि आपली मूठ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी जनवाड्याच्या पाठात आपण गुरुचरित्राचा ३८ वा अध्याय घेतला. पाठ संपल्यावर ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं की, हे सगळं ठीक आहे, पण आपल्या धान्याच्या डब्याचा आणि या अध्यायाचा संबंध काय? म्हणून या वेळचा अभ्यास त्यावरच लिहिला आहे. लेख जरा लांबला आहे. दुपारची कामं आवरली की घरात मोठ्यानं वाचा, सुनांना आणि लेकरांनाही ऐकू द्या.

आधी कथा. गाणगापूर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलंच, भीमा-अमरजेच्या संगमावरचं. तिथं श्रीनृसिंह सरस्वतींना भिक्षा घालावी म्हणून भास्कर नावाचा एक गरीब ब्राह्मण येतो. जवळ काय, तर तिघांना पुरेल एवढा शिधा. पण मठात रोज कुणा ना कुणा सधन भक्ताचं अन्नदान चाललेलं. भास्कराची पाळी काही येत नाही. तो दुसऱ्यांच्या पंगतीत जेवतो आणि रात्री आपली शिधोरी उशाला घेऊन झोपतो. असे तीन महिने जातात. लोक हसायला लागतात. एवढ्याशा शिध्यात काय समाराधना करणार हा, म्हणतात. शेवटी गुरू त्यालाच सांगतात, आज स्वयंपाक तू कर. आणि वर आज्ञा अशी, की सगळ्यांना बोलाव. तिघांपुरत्या त्या अन्नात चार हजार माणसं जेवली. मग गावातल्या बायकापोरांचीही जेवणं झाली, तरी अन्न शिल्लकच राहिलं.

चमत्कार म्हणून ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण पाठात आम्ही एका वेगळ्या गोष्टीवर थांबलो. गुरूंना चार हजारांना जेवूच घालायचं असतं तर श्रीमंत भक्तांचा शिधा मठात होताच की! मग ज्याला लोक हसत होते, त्याचीच शिधोरी का निवडली? तीन महिने जो दुसऱ्याच्या ताटावर जेवत होता, त्याला त्या दिवशी यजमान केलं. पोट तर त्याचं रोज भरतच होतं. कमी होता तो मान, आणि तो त्याला त्या दिवशी मिळाला. अन्नदानाचा अभ्यास आपण इथून सुरू करायचा, असं आमच्या मंडळाचं मत पडलं.

आपला मुलूख यात गरीब नाही. कल्याणला बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह सांगितलं. कायक म्हणजे घाम गाळून मिळवणं आणि दासोह म्हणजे मिळवलेलं दुसऱ्यापुढे ठेवताना आपण मालक नसून दास आहोत हे ध्यानात ठेवणं. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचं नाव निघालं की लोक आधी दासोहाचीच आठवण काढतात. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दरबारात आलेला माणूस उपाशी गेला नाही. आणि बिदरच्या नानक झिरा गुरुद्वारात आजही कुणीही जावं, पंगतीत बसावं, जेवून उठावं. कोण, कुठला, कशाला आला, असं तिथं कुणी विचारत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी दवाखान्याच्या कामाला बिदरला गेल्या की तिथंच जेवतात, हे आम्हाला ठाऊक आहे!

पण बिदरचं नाव अन्नाशी जोडलं गेलं ते सगळ्यात जास्त दामाजीपंतांमुळे. बहामनी राजाची राजधानी बिदर, आणि दामाजीपंत त्याच्या चाकरीत मंगळवेढ्याला. पाऊस गेला, दुष्काळ पडला. इतिहासात १४६० च्या सुमाराचा दुष्काळ दामाजीपंतांच्याच नावानं ओळखला जातो. कोठारात धान्य आहे आणि दाराबाहेर माणसं मरताहेत, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी राजाची कोठारं उघडली. पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. विठोबानं विठू महाराचं रूप घेतलं, बिदरला दरबारात पैसे भरले, पावती घेतली.

इथं जरा विचार करा. दामाजींनी दिलेलं धान्य त्यांच्या घरचं नव्हतं, सरकारी होतं. ते भुकेल्यापर्यंत पोचवायला त्यांना जीव धोक्यात घालावा लागला. आज काय आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवरचं धान्य हा हक्क झाला आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण द्या. त्यानंतर २००२ साली कर्नाटकात ही योजना सुरू झाली ती आधी आपल्याच भागात, बिदर, कलबुर्गी, रायचूर अशा जिल्ह्यांत. नाव ठेवलं अक्षर दासोह. लेकरं त्याला बिसीयूट म्हणतात, म्हणजे गरम जेवण. पाचवीपर्यंतच्या लेकराला रोज १०० ग्रॅम धान्याचं, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं जेवण, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं ठरलेलं आहे. डिसेंबर २०२१ पासून अंडंही आलं, न खाणाऱ्याला केळं. तेही आधी आपल्या कल्याण कर्नाटकात, कारण इथलीच लेकरं जास्त हडकलेली होती.

अंड्यावरून आपल्या ग्रुपमध्ये वाद झाला होता. आमचं म्हणणं सरळ आहे. सत्संगाच्या चुलीवर अंडं शिजत नाही, शिजणारही नाही. पण ज्या घरात ते चालतं, त्या घरच्या लेकराच्या ताटातलं अंडं काढा म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणजे आजच्या दामाजीचं पहिलं काम कोठार फोडणं नाही, कागद नीट करून देणं आहे. मांजरेकाठच्या आपल्या गावांत फिरताना आम्हाला काय दिसतं? सून येऊन चार वर्षं झाली, दोन लेकरं झाली, पण कार्डावर तिचं नाव नाही, लेकरांचंही नाही. पाच माणसांचं घर दोघांच्या धान्यावर चाललंय. कुठं म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही. कुठं नवरा-बायको बांधकामावर हैदराबादला, कुणी ऊसतोडीला, आणि लेकरं आजीपाशी. त्यांना हेच माहीत नाही की आता एकाच कार्डावर देशात कुठंही आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं. लेक-सुनेनं तिकडचा वाटा तिकडं घ्यावा आणि आजीनं इकडचा इकडं. हे समजावून सांगायला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते. आमच्यातल्या ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांनी अर्ज भरून द्यायचे, बाकीच्यांनी सोबत जायचं. रांगेत आपल्या बाजूला कुणीतरी उभं आहे एवढ्यानंही त्या बाईचा आवाज फुटतो, हे आम्ही पाहिलं आहे.

अंगणवाडीचंही तसंच. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना कर्नाटकात मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीतच दुपारचं गरम जेवण आहे, २ ऑक्टोबर २०१७ पासून. पण सासू म्हणते, आपल्या घरची सून तिथं जाऊन जेवणार? लोक काय म्हणतील? आपल्या ग्रुपमध्ये सासवा पुष्कळ आहेत, म्हणून लिहिलं.

आता कुणी म्हणेल, सरकार एवढं देतं तर आपला डबा कशाला? याचं उत्तर दिनदर्शिकेत आहे. शाळेचं जेवण शाळा असेल त्या दिवशी आणि दुपारी. रविवारी नाही. दसऱ्याच्या सुट्टीत नाही. एप्रिल-मेमध्ये शाळा बंद. आणि शेतमजुराच्या घरातले वाईट महिने कोणते? उन्हाळ्यात हाताला काम नसतं. मग जून-जुलैत पेरणी होते, पण घरातलं सरलेलं असतं आणि मूग-उडीद हाती यायला श्रावण-भादवा उजाडतो. हे मधले दिवस उधारीचे. आमच्या आज्या या दिवसांत जास्त दाणे मागणाऱ्याला कधी परत पाठवत नसत.

या दिवसांत घरात चूल पेटत नाही असं फारसं नसतं. चूल पेटते. भात शिजतो. पण भातासोबत काय? चटणी, नाहीतर नुसतं पाणचट वरण. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशभर तिचं नाव आहे, आणि त्याच तुरीच्या रानात खुरपणाऱ्या बाईच्या लेकराच्या वाटीत डाळ बुडाशी शोधावी लागते. पोट भरलेलं दिसतं म्हणून आपल्याला कळत नाही. दंड सांगतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, पट्टी लाल दाखवायला लागली, की ते घरगुती उपायाचं काम राहत नाही. तिथं आपला डबा देऊन समाधान मानू नका. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईला सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठायचा.

म्हणून आपला डबा कसा असावा हे ठरवताना आम्ही भाऊराव पाटलांच्या मुष्टी फंडाचा दाखला घेतला. कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. मुलांना खाऊ घालायला धान्य नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आणि पुढे काम वाढलं तसा हा मुष्टी फंड : घरच्या बाईनं दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं. आम्हाला यातलं फार आवडलं ते हे, की मूठ काढायला घरच्या धन्याची परवानगी लागत नाही! भास्कराची शिधोरी तरी तिघांपुरती होती, ही तर एकच मूठ.

आम्ही मोजून पाहिलं. बाईच्या हाताची ज्वारीची मूठ साधारण ४० ग्रॅम भरते. महिन्याला सव्वा किलो. ४० घरांची मिळून ४८-५० किलो होते. एवढ्यात गाव जेवत नाही, हे कबूल. पण सुट्टीच्या दोन महिन्यांत चार-पाच घरांची भाकर निघते. नुसती ज्वारी नको, आठवड्यातून दोनदा मूठ तुरीची किंवा मुगाची, एकदा शेंगदाण्याची. गूळ ज्याला जमेल त्यानं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लेकरांना सुकडी वाटली होती, आपल्यातल्या साठीच्या पुढच्या जणींना तिची चव आठवत असेल. पीठ भाजून, गूळ-शेंगदाणे घालून तशी वडी करता येते. टिकते, आणि आजीलाही चावता येते. आजीला चावता आली पाहिजे हे मुद्दाम लिहितो, कारण अशा घरात ती सगळ्यात शेवटी जेवते आणि बहुतेक वेळा जेवले म्हणून सांगते.

भंडाऱ्याबद्दलही बोलणं झालं. गुरुपौर्णिमेचा भंडारा आपण बंद करणार नाही. एका पंगतीला सगळे बसतात, त्याचं मोल वेगळं. पण त्या दिवशी जेवणारे बहुतेक घरून खाऊनच आलेले असतात आणि पत्रावळीत किती उरतं हे उचलणाऱ्या आम्हीच. दोन गोडांपैकी एक कमी केलं आणि तो पैसा डाळ-तेलाला वळवला, तर कुणी नाराज होऊ नये. काही गुरुबंधूंचा आक्षेप आहे की फुकट दिल्यानं लोक आळशी होतात. ज्या बाईला आम्ही धान्य देतो ती पहाटे पाचला उठून दुसऱ्याच्या रानात जाते. आळसाबद्दल तिला शिकवावं एवढं काम आमच्यातल्या कुणीच करत नाही.

द्यायचं कसं, यावर आमचं एकमत आहे. संध्याकाळी, पिशवीत, एकीनंच जायचं. घोळका करून नाही. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा तर नाहीच नाही. ते लेकरू उद्या शाळेत याच ग्रुपमधल्या घरच्या लेकराशेजारी बसणार आहे. आणि घेणाऱ्या बाईनं काही देऊ केलं, अंबाडीची जुडी, दोन कणसं, तर नको म्हणायचं नाही. घ्यायचं, आणि कुटुंबाच्या पाठात सांगायचं की आजची भाजी कुणाकडची. डब्यात तिनं एक मूठ टाकली तर तीही आपल्यासारखीच डबा भरणारी झाली. मागच्या महिन्यात अशाच एका घरून परत आलेल्या पिशवीत ओंजळभर मूग निघाले. ते आम्ही वेगळे न ठेवता मोठ्या डब्यात ओतले.

कुटुंबात बसून बोलायला तीन प्रश्न देतो. भास्कराला लोक हसले तेव्हा मठातल्या जुन्या भक्तांनी काय करायला हवं होतं? आपल्या गल्लीत कोणत्या घराचं कार्ड अपुरं आहे, आणि ते आपल्याला नक्की कसं कळलं? घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेकरांना द्यायला लावा.

डबे येत्या गुरुवारी आरतीनंतर गोळा होतील. धान्य निवडून, वाळवून आणावं, कीड लागलेलं किंवा घरात कुणी खात नाही म्हणून उरलेलं आणू नये. ज्यांना यायला जमत नसेल त्यांनी शेजारच्या ताईकडे द्यावं. कार्डात नावं घालायची असतील त्या घरांची यादी ग्रुपवर टाकू नका, मंडळातल्या कुणालाही तोंडी सांगा. शुक्रवारी आमच्यातल्या दोघी बिदरला कागद घेऊन जाणार आहेत, कुणाला सोबत यायचं असेल तर नऊच्या बसला या.

जय गुरुदेव 🙏