‘ब्रेक’ आणि त्याची भावंडे

इंग्रजीचा पेपर म्हटला की हुशार मुलांनाही धडकी भरते. सुटे सुटे शब्द पाठ केले तर ते टिकत नाहीत. एका अर्थाचे शब्द एकत्र शिकले म्हणजे लक्षात राहतात. म्हणून येथे ‘ब्रेक’चे कुटुंब घेतले आहे.

प्रथम आपली मराठी पाहू. दोरी तुटते, माठ फुटतो, खुर्ची मोडते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘ब्रेक’ चालते. त्याची रूपे ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. पण कापड फाटते तेथे ‘ब्रेक’ चालत नाही. तेथे टेअर, टोअर, टॉर्न. फुगा किंवा पाण्याचा पाईप आतल्या दाबाने फुटतो, तेथे ‘बर्स्ट’. त्याची तिन्ही रूपे सारखीच.

आता इतर भावंडे :

क्रॅक – तडा जाणे. तडकलेला कप अजून अखंड असतो.
शॅटर – चक्काचूर होणे. जशी खिडकीची काच.
स्नॅप – ताणून किंवा वाकवून कट्‌कन तुटणे. जसा चपलेचा अंगठा.
क्रम्बल – भुगा होणे. जशी शिळी भाकरी.
स्प्लिट – चिरणे, दुभंगणे, जसे लाकूड.
ब्रीच – नदीचा बांध फुटणे, तसेच करार मोडणे.

काही शब्द लॅटिन मुळाचे आहेत. ‘फ्रॅक्ट’ म्हणजे मोडलेले. त्यावरून हाडाचे फ्रॅक्चर आणि गणितातले फ्रॅक्शन, म्हणजे अपूर्णांक. ‘रप्ट’ म्हणजे तुटलेले. त्यावरून इंटरप्ट, म्हणजे बोलणे मध्येच तोडणे. आम्ही बँकेत काम करतो, म्हणून ‘बँकरप्ट’ आम्हाला विशेष वाटतो. सावकार ज्या बाकावर बसून व्यवहार करी, त्या बाकाच्या इटालियन नावावरून ‘बँक’ हा शब्द आला. बाक मोडला, की माणूस दिवाळखोर!

आता महत्त्वाचा मुद्दा. शब्दकोशातला पहिला अर्थ सर्वत्र लावू नये. आज ‘डिप्रेस्ड’ म्हणजे खिन्न. पण 1920 च्या मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात माणगाव परिषद भरली, त्या काळच्या कागदपत्रांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असे शब्द येतात. तेथे अर्थ खिन्न नव्हे, तर दाबून ठेवलेले वर्ग.

तसेच ‘ब्रोकन मॅन’ म्हणजे बोलीत खचलेला माणूस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ‘ब्रोकन मेन’ हे शब्द वारंवार येतात. तेथे खचलेली माणसे असा अर्थ घेतला तर सारा सिद्धांतच उलटा होईल. बाबासाहेबांची मांडणी अशी की, प्राचीन काळी टोळ्यांच्या लढायांत हरलेल्या टोळ्या फुटल्या व त्यांतील माणसे पांगली. स्थायिक झालेल्या गावांना राखणदार हवे होते आणि या माणसांना अन्न व आसरा. म्हणून ती गावाबाहेर वस्ती करून राहिली व गावाची राखण करू लागली. म्हणजे फुटली ती टोळी. माणसांची हिंमत नव्हे. गावाने ज्यांच्यावर राखण सोपवली, ती माणसे खचलेली कशी असतील? एका विशेषणाचा अर्थ चुकला, तर पूर्वजांचे चित्रच चुकते.

म्हणून बाबासाहेबांचे ग्रंथ मूळ इंग्रजीतून वाचा. शब्द अडला की कोशातील सर्व अर्थ पाहा आणि वाक्यात बसेल तोच घ्या. सुरुवात म्हणून वरील प्रत्येक शब्दाचे एक वाक्य आज रात्रीच वहीत लिहा.