अनवाणी बूट

‘पादत्राण’ म्हणजे पायाचे रक्षण करणारी वस्तू. मग ‘अनवाणी बूट’ ही काय भानगड आहे, असे आमच्या मराठीच्या सरांनी मला विचारले, तेव्हा मी लंगडत वर्गात शिरत होतो. त्या लंगडण्याचे कारण आणि सरांच्या प्रश्नाचे उत्तर एकच असल्याने हा लेखनप्रपंच.

या बुटांत टाच व चवडा एकाच पातळीवर राहतात. तळ पातळ आणि हाताने गुंडाळता येईल इतका लवचीक असतो. पुढचा भाग मात्र रुंद. आणि मला तीच खूण सर्वांत महत्त्वाची वाटते. आपला पाय बोटांपाशी रुंद होतो, तर बाजारातले बहुतेक बूट नेमके तिथेच निमुळते होतात! एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे; त्यांना हलायला जागा नको का?

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली, हे या बुटांचे समर्थक हटकून सांगतात. १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून जिंकला आणि त्याला तीन मिनिटे कमी लागली, हे फारसे कोणी सांगत नाही. २०१० साली हार्वर्डच्या डॅनिएल लीबरमन यांनी दाखवून दिले की, सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा एकदम बसणारा धक्का कमी होतो. मी ते वाचले, पण ‘सवयीने’ हा शब्द गाळून!

गुंजवण्याहून चोर दरवाज्याने राजगड चढलो, तेव्हा माझे बूट जेमतेम आठवड्याचे होते. चढताना खडकाचा प्रत्येक कंगोरा पायाला कळत होता. मोठी गंमत वाटली. उतरताना चवड्यात जी कळ निघाली, ती थांबेना. वाटेवर ताक विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “लेकरा, नवं पायताण आधी गावात चालवायचं, मग गडावर आणायचं.” हाडावर ताण आला होता. डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली.

पुढे वाचनात आले की, अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात असे बूट वापरून दहा आठवडे धावलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढली होती. त्यांनी तर अंतर हळूहळू वाढवले होते.

तरीही कोणाला घ्यायचेच असतील, तर संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय किंचित फुगतो. कागदावर उभे राहून पायाची रेघ काढावी आणि बुटातला सुटा तळ काढून तीवर ठेवावा. बोट रेघेसह तळाबाहेर गेले, तर तो बूट परत द्यावा, दुकानदार काहीही म्हणो. बोटांपुढे अर्ध्या अंगठ्याएवढी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो. गडासाठी तळाला खोल नक्षी पाहावी. पातळ तळ म्हणजे चांगली पकड नव्हे. (शेवाळलेल्या कातळावर कोणत्याच बुटाचा भरवसा धरू नये.) मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये.

सध्या ते बूट घालून मी वसतिगृह ते कॉलेज एवढेच चालतो. गडावर अजून जुने जाड बूटच नेतो. सरांनी परवा ते बूट हातात घेऊन वाकवून पाहिले आणि किंमत विचारली. मी ती सांगितली नाही.